गोधडीला भाव कोणता लावायचा?

"ताई, घरी बसूनच तर शिवता, पंधराशेला द्या की." प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी गिऱ्हाईक हे म्हणतं तेव्हा अठराशेची गोधडी त्याच्या हातात अर्धी घडी घातलेली असते. स्टॉलवरची बाई जरा घुटमळते आणि सोळाशेला देऊन टाकते. संध्याकाळी सामान बांधताना ती मला सांगते, "वाईट नाही, साडेसातशे सुटले. कापड-दोरा सगळं मिळून साडेआठशेचं होतं."

बचत गटातल्या बायकांसोबत हिशेबाच्या वह्या घेऊन बसायचं काम मी काही वर्षं करते. 'सुटले' हा शब्द तिथे मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकला की मी पहिला प्रश्न एकच विचारते, किती तासांत? त्यावर बहुतेक वेळा समोरची बाई हसते. तास कोण मोजतं? दुपारी जेवणं झाल्यावर, टीव्हीसमोर, लाइट गेल्यावर अंगणात, असं होईल तसं शिवलेलं असतं.

हातातलं कसब धंद्यात उतरवताना नेमकी गोष्ट कुठे अडते, हे समजून घ्यायला गोधडीइतकं चांगलं उदाहरण नाही. कोल्हापुरी चप्पल, वारली चित्रं, सावंतवाडीची लाकडी खेळणी, क्रोशाचं तोरण, बांबूच्या टोपल्या, सगळीकडे थोड्याफार फरकानं हाच हिशेब आहे.

गोधडी मुळात विकायची वस्तूच नव्हती. फाटलेलं नऊवारी लुगडं, आजोबांचं विरलेलं धोतर, रंग गेलेली सुती साडी, यांचे थर एकावर एक मांडायचे, वर चांगल्या कापडाचा भाग यायचा, फाटलेल्या जागी ठिगळ लागायचं. मग कडेकडेनं धावदोऱ्याचे फेरे घेत मध्याकडे यायचं. कापड घरातलं, दुपार घरातली, शेजारची बाई गप्पा मारता मारता दुसऱ्या टोकानं टाके घालायची. पैसे लागायचे ते फक्त दोऱ्याला आणि सुईला. जी वस्तू जवळजवळ फुकटातून जन्माला आली, तिला बाजारात नेताना आपण त्या फुकटाची सवयही सोबत नेतो. बाजारात मात्र साडी विकत आणावी लागते आणि दुपारही कुणाची तरी जात असते.

तासांची वही

आता सोळाशेच्या गोधडीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावात ते कमीजास्त होतील. पद्धत मात्र बदलत नाही.

एकेरी गोधडी, साधारण पाच फूट बाय साडेसात फूट. अस्तर आणि कडेचं कापड ४५० रुपये. आतल्या थरांसाठी तीन जुन्या सुती साड्या, ८० रुपयांप्रमाणे २४०. दोरा आणि सुया ११०. पिशवी आणि लेबल ५०. एकूण ८५० रुपये. इथपर्यंत प्रत्येकीचा हिशेब बरोबर असतो, कारण हे पैसे पर्समधून गेलेले असतात.

वेळ धरू. साड्या धुणं, वाळवणं, कापणं, थर मांडून कच्चे टाके घालणं, यात ६ तास. प्रत्यक्ष टाके ३८ तास. कड मुडपणं, गाठी लपवणं, शेवटची इस्त्री ४ तास. झाले ४८ तास. सोळाशेतून साडेआठशे वजा केले की राहिले ७५०, आणि भागिले ४८ म्हणजे तासाला साधारण साडेपंधरा रुपये. दिवसभर आठ तास मान मोडून शिवलं तर सव्वाशे रुपये. एवढ्या रोजावर शेतात खुरपायलासुद्धा कुणी येणार नाही.

अजून एक आकडा बघण्यासारखा आहे. अठराशेवरून सोळाशेला दिली म्हणजे गिऱ्हाइकाला अकरा टक्के सूट मिळाली. पण कापडवाल्यानं आणि दोरेवाल्यानं आपले पैसे आधीच घेतलेत, त्यांच्याकडून काही कमी होत नाही. दोनशे रुपये पूर्ण तुमच्या मजुरीतून गेले. ९५० ची मजुरी ७५० झाली, म्हणजे एकवीस टक्के. घासाघीस गिऱ्हाईक किमतीशी करतं, कापली जाते मजुरी.

म्हणून माझा पहिला आग्रह एका साध्या वहीचा. तारीख, सुरू केल्याची वेळ, उठल्याची वेळ. मधे चहा ठेवायला उठलात तर तेही लिहा. तीन गोधड्या अशा लिहून झाल्या की सरासरी हाती येते. पहिल्या आठवड्यात सगळ्या कंटाळतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन सांगतं, "साड्या निवडण्यात जेवढा वेळ जातो असं वाटत होतं ना, त्यापेक्षा कितीतरी जास्त जातो." हे कळणं म्हणजे अर्धा धंदा कळणं.

भावाचे चार थर

गोधडीसारखेच भावालाही थर असतात. पहिला मालाचा, तो झाला ८५०. दुसरा मजुरीचा. तासाला किती धरायचे? शिवणकामाला तुमच्या भागात कुशल बाईला जो रोज मिळतो त्याला आठनं भागा. समजा ६०० रुपये रोज, तर तासाला ७५. अठ्ठेचाळीस तासांचे ३,६०० रुपये. माल आणि मजुरी मिळून ४,४५०.

तिसरा थर वरखर्चाचा. फोनचं रिचार्ज, कापड आणायला तालुक्याला जायचा एसटीचा खर्च, दिव्याचं बिल, फोटो काढायला लावलेलं पांढरं कापड, रंग लागून वाया गेलेली एक साडी. कुठल्याच एका गोधडीवर हे लिहिता येत नाही, म्हणून ते कुणावरच लिहिलं जात नाही. महिन्याला असे दीड हजार जात असतील आणि महिन्यात तीन गोधड्या होत असतील, तर प्रत्येकीवर ५०० बसले. आता झाले ४,९५०. ही झाली पदरची किंमत. याच्या खाली विकणं म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे गिऱ्हाइकाला देणं.

चौथा थर नफ्याचा, आणि इथे सर्वांत जास्त गोंधळ असतो. "मजुरी सुटली की, तोच नफा," असं बायका म्हणतात. नाही. मजुरी शिवणाऱ्या हाताची, नफा धंद्याचा. शिवणारी आणि धंदा चालवणारी बाई एकच असली तरी खिसे दोन आहेत. पावसाळ्यात साड्या वाळत नाहीत, काम मंदावतं, मागणी खरी थंडीत आणि लग्नसराईत येते. मधले महिने ढकलायला, न विकलेला माल सोसायला, शिवणयंत्र बदलायला जो पैसा लागतो तो नफ्यातून येतो. पंधरा टक्के धरले तर ४,९५० वर साधारण ७५० आले आणि भाव झाला ५,७००.

हा ठोक भाव. म्हणजे दुकानदारानं तुमच्याकडून घ्यायचा भाव. गिऱ्हाइकाचा भाव अजून पुढे आहे.

शहरातली हस्तकलेची दुकानं विक्रीच्या किमतीतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवतात. चाळीस टक्के धरू. इथे हुशार बायकाही फसतात. त्या ५,७०० मध्ये चाळीस टक्के मिळवतात आणि ७,९८० रुपयांचं लेबल लावतात. दुकानदार चाळीस टक्के कापतो ते ७,९८० वर, ५,७०० वर नाही. त्याचे झाले ३,१९२. हातात आले ४,७८८. पदरची किंमत होती ४,९५०. गोधडी आठ हजाराला विकली गेली, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि १६२ रुपयांचा तोटा झाला.

बरोबर रीत अशी. विक्रीचे शंभर रुपये आले तर दुकानाचे चाळीस, आपले साठ. आपल्याला साठच्या जागी ५,७०० हवेत, तर शंभरच्या जागी किती? ५,७०० भागिले ०.६, म्हणजे ९,५००. हे गणित मी खडूनं फळ्यावर करून दाखवते, आणि दर वेळी कुणीतरी मागून म्हणतं, "म्हणजे मी तीन वर्षं..." आणि वाक्य पुरं करत नाही.

साडेनऊ हजाराची गोधडी घेणार कोण?

प्रश्न रास्त आहे. गावच्या बाजारात कुणी घेणार नाही. पुण्या-मुंबईतही शंभरातली दोन-चार माणसं घेतील. पण याचं उत्तर तासाचा भाव पंचाहत्तरवरून वीसवर आणणं नव्हे. उत्तर वस्तूत शोधायचं.

एक उपाय टाक्यांच्या अंतरात आहे. टाक्यांच्या ओळी एक बोट अंतरावर असतील तर ३८ तास. दोन बोटं अंतर ठेवलं तर साधारण २० तासांत काम होतं. मग गोधडी ३० तासांची झाली, मजुरी २,२५०, वरखर्च त्याच प्रमाणात तीनशेच्या आसपास, आणि ठोक भाव ३,९०० च्या घरात येतो. यापेक्षा विरळ मात्र जाऊ नका. दोन-चार धुण्यांत आतले थर सरकतात, गोळे होतात, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही.

दुसरा उपाय लहान वस्तूचा. बाळाचं दुपटं दहा तासांत होतं. माल १८०, मजुरी ७५०, वरखर्च १००, पदरची किंमत १,०३०. नफा धरून ठोक भाव १,२००, दुकानात २,०००. बारशाला चांदीचा वाळा देणाऱ्या घरात दोन हजाराचं दुपटं जड नाही. शिवाय बाळाला आजीच्या मऊ साडीचं दुपटं लागतं, हे मराठी घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ओळखीच्या ज्या बायकांचा धंदा टिकला, त्यांच्यातल्या बहुतेकींची रोजची भाकरी दुपटी, उशीचे अभ्रे आणि चौघड्या काढतात. मोठी गोधडी स्टॉलच्या मागच्या भिंतीवर लटकते. ती पाहून माणसं थांबतात आणि दुपटं घेऊन जातात.

तिसरा उपाय यंत्राचा, आणि इथे मी जरा कडक आहे. यंत्रावर शिवलेली गोधडी स्वस्त होते, छान होते, विकावी. पण तिच्यावर 'हातानं शिवलेली' असं लिहू नये. आपल्याच गल्लीतली एक बाई असं लिहिते, तेव्हा खऱ्या हातशिवणीच्या साडेनऊ हजारांवर संशय येतो. नुकसान तिचं होत नाही, शेजारणीचं होतं.

आणि थेट विकताना? दुकानात २,००० चं दुपटं असताना तुम्ही फोनवर १,२०० ला दिलंत तर दुकानदार पुढच्या वेळी माल घेणार नाही. त्याचं बरोबरच आहे. त्यानं भाडं भरलंय, दिवे लावलेत, माणूस उभा केलाय. थेट विक्रीत तोच खर्च वेगळ्या रूपात तुमच्यावर येतो. प्रदर्शनाचंच बघा. पुण्यात भीमथडी जत्रा असते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, शिवाय गल्लोगल्ली लहानमोठी प्रदर्शनं असतात. काही ठिकाणी बचत गटांना जागा सवलतीत मिळते, खासगी प्रदर्शनात नाही. समजा चार दिवसांचं भाडं ८,०००, प्रवास-राहणं-खाणं ३,०००, आणि चार दिवस उभं राहिल्याची स्वतःची मजुरी २,४००. एकूण १३,४००. दोन हजाराच्या दुपट्यामागे पदरची किंमत वजा जाता ९७० उरतात. म्हणजे चौदावं दुपटं विकलं जाईपर्यंत तुम्ही फक्त मैदानाचं भाडं आणि वडापावचे पैसे फेडताय. पंधराव्यापासून कमाई. निघताना पेटीत वीसच दुपटी असतील तर जायचं की नाही, हे घरी बसूनच ठरवता येतं.

"माल ठेवून जा"

उधारीचं दुखणं वेगळं. शहरातलं दुकान म्हणतं, "माल ठेवून जा, विकला की पैसे." ऐकायला गोड. पाच गोधड्या ठेवल्या म्हणजे माल आणि मजुरी मिळून सव्वाबावीस हजार रुपये दुसऱ्याच्या फळीवर झोपले. आमच्या एका गटाचा माल एका दुकानात आठ महिने पडून होता. परत आला तेव्हा घडीच्या रेषेवर ऊन लागून रंग उडालेला. कुणाशी भांडणार? कागदच नव्हता.

कायदा इथे बराचसा तुमच्या बाजूनं आहे, फक्त तो लागू व्हावा अशी तजवीज आधी करायला हवी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी सरकारनं ऑनलाइन सोय केलेली आहे.

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, हवी. ती ऑनलाइन होते, आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तालुक्याच्या ठिकाणी हजार-पंधराशे घेऊन 'उद्यम काढून देणारे' बसलेले असतात. त्यांच्या संगणकावर जे पान उघडतं तेच तुमच्या भाचीच्या फोनवरही उघडतं. एक खाचखळगा तेवढा लक्षात ठेवा. 'विकला की पैसे' या बोलीवर ठेवलेला माल अजून विकलेलाच नसतो, त्यामुळे दिवस कधीपासून मोजायचे यावरच वाद घालता येतो. म्हणून आमचा नियम असा की पहिल्या खेपेला निम्मा माल रोखीनं घ्या म्हणावं, निम्मा ठेवून जाऊ. ठेवलेल्या मालाच्या चलनावर सही, नग, भाव आणि नव्वद दिवसांनी न विकलेला माल परत, एवढं लिहून घ्यायचं. या अटी ऐकून जो दुकानदार तोंड वाकडं करतो, त्यानं आपले आठ महिने वाचवले असं समजावं.

वस्तू आणि सेवा कराची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. महिन्याला तीन गोधड्या शिवणारीला हा आकडा गाठायला बऱ्याच जन्मांची गरज आहे. अडचण येते ती माल राज्याबाहेर पाठवताना, कारण तिथे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते असा सर्वसाधारण नियम आहे. यादीत नमूद केलेल्या हस्तकलांना ठरावीक मर्यादेपर्यंत त्यातून सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, एवढा एक प्रश्न कर सल्लागाराला फी देऊन विचारावा. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं तर पूर्वी नोंदणी अनिवार्यच होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला, पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, जीएसटी नोंदणीशिवायही तिथे विकता येतं.

कर्जाबद्दल सारखं विचारलं जातं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, शिंपी वगैरे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. यादीत गोधडी असं वेगळं नाव नाही, शिंपीकाम आहे. पण कर्ज घेण्याआधी तासांची वही पुरी करा, असं मी सांगते. तासाला साडेपंधरा रुपये मिळवणाऱ्या धंद्यात लाख रुपये घातले तर साडेपंधराच्याच भावानं जास्त तास शिवावं लागतं, आणि वर हप्ता.

दुसऱ्या बाईचे हात

कधीतरी ऑर्डर मोठी येते. एखाद्या कंपनीला दिवाळीला शंभर अभ्रे हवे असतात. एकटीनं होत नाही, चार जणींना काम वाटायचं. आता तुम्ही कारागीर राहिला नाहीत, मालकीण झालात, आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. जी बाई काल गिऱ्हाइकाला "एवढी मेहनत असते हो" म्हणत होती, ती आज शेजारणीला मोठ्या गोधडीच्या टाक्यांचे हजार रुपये देऊ करते. ३८ तासांचे हजार, म्हणजे तासाला सव्वीस.

नगावर मजुरी ठरवायची रीत उलटी आहे. आधी तीन वेगवेगळ्या हातांना एकेक नग शिवायला द्या. एक वेगवान, एक मधली, एक नवखी. मधलीचा वेळ धरा, तो तासाच्या भावानं गुणा. ३८ तास गुणिले ७५ म्हणजे २,८५०. वेगवान बाई त्यात जास्त कमावेल, नवखी काही महिन्यांत पोचेल. यावर "मग मला काय उरणार?" असं विचारलं, तर समजावं की चौथा थर, नफ्याचा, भावात धरलेलाच नाही. तो नसला की मालकिणीला शेजारणीच्या मजुरीतून उरवावं लागतं. हस्तकलेच्या साखळीत मधल्या माणसाला आपण शिव्या घालतो. बरेचदा तो लबाड नसतो, त्याचा भाव चुकलेला असतो आणि ती चूक तो खाली ढकलतो.

नमुना हवा, तोही पाठवता येईल असा. टाक्याची लांबी कागदावर लिहून कुणाला कळत नाही. वीतभर चौकोनाचा शिवलेला तुकडा प्रत्येकीच्या घरी द्यावा आणि तयार माल त्याच्याशी जुळवून घ्यावा. नाकारलेल्या नगाचं काय करायचं, हे काम वाटायच्या आधी ठरवावं, नंतर नाही. गावात राहायचंय.

नावाची किंमत

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरी चपलेसारखे सँडल दाखवले आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रात गदारोळ झाला, कंपनीनं नंतर भारतीय प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्या दिवसांत जो तो विचारत होता, "कोल्हापुरीला जीआय आहे ना, मग कसं चालतं?"

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. त्याची मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. मानांकन जपतं ते नाव. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. कुणी तसाच आकार काढून त्याला दुसरंच काही म्हटलं, तर गोष्ट गुंतागुंतीची होते. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. याचिका करणारे मानांकनाचे मालक नव्हते, हे त्यातलं मुख्य कारण.

मानांकनाबद्दल इतका वेळ घेतला, कारण गावोगावी ते मिळालं म्हणजे भाव मिळाला असा समज पसरला आहे. भाव बाजार ठरवतो. मानांकन फक्त खोट्याला बाजूला काढायचं हत्यार देतं, आणि ते चालवावं लागतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आणि हातानं घातलेली वेणी, यांच्या शेजारी रेक्झिनची 'कोल्हापुरी' तीनशेला टांगलेली असते, आणि ती टांगणारा दुकानदार बरेचदा आपल्याच गावचा असतो.

गोधडीवाल्या बाईनं यातून नावाची कामं तेवढी उचलावीत. लेबलवर आपलं नाव, गाव, कापड कसलं, हातशिवण की यंत्र, किती तास लागले आणि धुवायचं कसं. तास लिहिण्यावर आमच्या गटात वाद झाला. "लोक हसतील," एकजण म्हणाली. मग दोन महिने निम्म्या मालावर लिहून बघितलं. किती जास्त विकला ते मी सांगणार नाही, दोन महिन्यांवरून काही सिद्ध होत नाही. घासाघीस मात्र बदलली. ४८ तास वाचल्यावर "घरी बसूनच तर शिवता" हे वाक्य तोंडातून निघायला जरा जड जातं.

आईच्या साड्या

सध्या सर्वांत बरी चालणारी गोष्ट म्हणजे आठवणीची गोधडी. आई गेलेली असते, कपाटात तिच्या साड्या असतात. नेसवत नाहीत, देऊन टाकवत नाहीत. त्या आणून देतात आणि गोधडी करून मागतात. पुण्याच्या फ्लॅटमधून मागणी येते तशीच न्यू जर्सीहून येते. माहेरी आलेली मुलगी साड्या देऊन जाते आणि पुढच्या खेपेला गोधडी बॅगेत घालून नेते. तेच बरं, कारण तीन किलोच्या पार्सलचा टपालखर्च डोळ्यांत पाणी आणतो. शिवाय अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढून टाकली आहे.

धंदा म्हणून बघाल तर यात फायदेच फायदे. आतल्या थरांचा खर्च नाही, माल पडून राहत नाही, निम्मी रक्कम आगाऊ मिळते, आणि "बाजारात यंत्रावरची दोन हजाराला मिळते" असं कुणी म्हणत नाही. त्या साड्यांची गोधडी बाजारात मिळतच नाही. जोखीम एकच, पण ती मोठी आहे. बिघडलं तर भरपाई होऊ शकत नाही.

म्हणून साड्या ताब्यात घेताना प्रत्येकीचा फोटो काढायचा, घडी उलगडून. कुठे विरली आहे, कुठे डाग आहे ते गिऱ्हाइकासमोर वहीत लिहायचं. रंग जातो का ते कोपरा ओला करून बघायचं, एका लाल साडीनं आमची आख्खी गोधडी गुलाबी केली होती. रेशमी आणि सुती एकत्र मागितली तर आधी सांगायचं की धुतल्यावर दोन्ही सारख्या आटत नाहीत. कुठली साडी वर दिसायला हवी आणि कुठली आत गेली तरी चालेल, हे विचारायचं आणि त्या उत्तरासाठी घाई करायची नाही. उरलेले तुकडे, काठ, पदराची चिंधीसुद्धा, पिशवीत घालून परत द्यायची.

आणि कात्री लावायच्या आदल्या दिवशी एक फोन करायचा. "उद्या कापतेय," एवढंच सांगायचं. दहातली एक तरी बाई म्हणते, थांबा, ती हिरवी नको. मग ती साडी तशीच परत जाते, आणि आपण दोरा बदलून उरलेल्या आठ साड्यांची मांडणी पुन्हा करायला बसतो. या मांडणीचे दोन तासही वहीत लिहायचे.